सोन्याचा वर्ख, अल्फा कण आणि काही पक्के गैरसमज

रुदरफोर्डचा विकीर्णन प्रयोग शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला थोडाफार आठवतो. सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले, म्हणून अणू पोकळ. काही वळले, म्हणून आत धन प्रभार. एखादा आपटून मागे आला, म्हणून मध्यभागी कठीण केंद्रक. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात, आणि निष्कर्ष म्हणून त्यातले काही खोटेही नाही. पण तिन्ही ठिकाणी ‘म्हणून’च्या आधी जे कारण दिले जाते, त्यातून पुढचा निष्कर्ष निघतच नाही. आरपार जाण्याने पोकळपणा सिद्ध होत नाही, वळण्याने प्रभाराचे चिन्ह कळत नाही आणि मागे फिरलेला कण कशावरही आपटलेला नसतो. खरा पुरावा किती कण कोणत्या कोनात गेले या मोजणीत आहे. ती मोजणी वाचायची तर विद्युत बल दुरून कसे काम करते आणि अणूपाशी येऊन ते कुठे संपते, हे आधी समजून घ्यावे लागते. शिकवताना नेमका हाच भाग गाळला जातो आणि हातात फक्त एक गोष्ट उरते.

आधी घटनाक्रम. मँचेस्टर विद्यापीठात 1909 साली हान्स गायगर आणि त्या वेळी पदवीचा विद्यार्थी असलेला अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या पृष्ठभागावरून अल्फा कण मागे येतात का, हे पाहिले. कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर पडला की बारीकशी चमक उठते. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर सूक्ष्मदर्शकातून या चमका एकेक करून मोजायच्या, ही त्यांची पद्धत. ‘आठ हजारांत एक कण मागे आला’ हा आकडा सगळीकडे सोन्याच्या वर्खाच्या नावावर खपतो, पण तो प्लॅटिनमच्या पृष्ठभागाचा आहे. सोन्याच्या 0.00004 सेंटिमीटर जाडीच्या वर्खासाठी रुदरफोर्डने 1911 च्या निबंधात दिलेले प्रमाण वेगळे आहे: सरासरी नव्वद अंशांतून वळलेले कण सुमारे वीस हजारांत एक. त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे. तो पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. एवढ्याच जाडीच्या वर्खातून जाताना अल्फा कण सर्वाधिक संभाव्यपणे 0.87 अंश वळतो, असे गायगरने मोजले होते. म्हणजे ‘बहुतेक कण सरळ गेले’ हे वाक्यसुद्धा ढोबळच. बहुतेक कण थोडे वळूनच बाहेर पडले.

आता पहिला गैरसमज, आरपार गेले म्हणून अणू पोकळ. रुदरफोर्डच्या आधी जे. जे. थॉमसनचे प्रारूप चालत होते. त्यात धन प्रभार अणूच्या सगळ्या आकारमानात पसरलेला आणि इलेक्ट्रॉन त्यात अधूनमधून बसवलेले. हे प्रारूप खरे मानले तर कणांचे काय झाले असते? कण अडकून पडले असते, असे अनेकांना वाटते. हिशेब वेगळेच सांगतो. सोन्याच्या अणूची त्रिज्या सुमारे 1,44,000 फेमटोमीटर. फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या गोलात 79 एकक प्रभार सारखा पसरला, तर त्याचे क्षेत्र कुठेच फार तीव्र होत नाही. 77 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण अशा गोलाच्या अगदी काठावरून गेला, म्हणजे जिथे ढकल सर्वांत मोठी असते तिथून गेला, तरी तो एका अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच वळेल. इलेक्ट्रॉनांचा अडथळा त्याहून किरकोळ, कारण अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे 7,300 पट जड आहे. एका इलेक्ट्रॉनच्या धक्क्याने तो फार तर 0.008 अंश वळू शकतो. तात्पर्य, थॉमसनच्या भरलेल्या अणूतूनही कण जवळजवळ सरळच गेले असते. आरपार जाणारे कण दोन्ही प्रारूपांना सारखेच मान्य आहेत. ज्या निरीक्षणाने दोघांत निवड होऊ शकत नाही, ते एकाच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगणे ही तर्कातली चूक आहे, आणि ती वर्षानुवर्षे मुलांच्या वहीत उतरते आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. एका अणूत कण जेमतेम शंभरांश अंश वळत असेल, पण वर्खात अणू एक नसतो. छोट्या छोट्या ढकलींची बेरीज होऊन मोठा कोन का तयार होऊ नये? थॉमसन आणि त्याच्या बाजूच्या लोकांचे उत्तर हेच होते आणि ते मुळीच पोरकट नव्हते. म्हणून ते तपासून पाहू. 0.00004 सेंटिमीटर जाडीच्या वर्खात कणाच्या वाटेत सुमारे दीड हजार अणू येतात. प्रत्येक ढकल कुठल्याही दिशेला होऊ शकते, त्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही. एकूण वळण ढकलींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे चाळीस पटीच्या आसपास. त्यातून अर्ध्या-एक अंशाचा कोन निघतो, आणि गायगरचे 0.87 अंशही याच टप्प्यात बसतात. इथवर थॉमसनची बाजू उत्तम टिकते. पण याच नियमाने नव्वद अंशांची शक्यता काढली की सगळे कोसळते. योगायोगाने साठत जाणाऱ्या ढकलींतून सरासरीच्या शंभरपट वळण मिळण्याची शक्यता दशांशचिन्हानंतर दोन हजारांहून अधिक शून्ये लिहिल्यावर सुरू होते. प्रत्यक्षात ती वीस हजारांत एक होती. एवढी तफावत मोजणीतल्या चुकीने येत नाही. मोठे वळण एकाच अणूने एकाच भेटीत दिलेले असले पाहिजे, आणि त्यासाठी प्रभार फार छोट्या जागेत एकवटलेला पाहिजे. रुदरफोर्डचा युक्तिवाद हा असा आहे.

इथून बलाच्या पल्ल्याचा मुद्दा सुरू होतो. विद्युत बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे त्याचा पल्ला अमर्याद असतो, असे आपण शिकतो. एकट्या प्रभाराच्या बाबतीत ते खरे आहे. पण अल्फा कणासमोर एकटा प्रभार नसतो, अख्खा अणू असतो, आणि अणू उदासीन असतो. मध्यभागी जेवढा एका चिन्हाचा प्रभार, तेवढाच विरुद्ध चिन्हाचा त्याच्याभोवती. बाहेरून पाहिले तर दोन्ही एकमेकांना झाकतात. रुदरफोर्डने 1911 च्या निबंधात सुरुवातीलाच हे गणितात बसवले आहे. त्याचा अणू म्हणजे केंद्रात एक बिंदूवत प्रभार आणि अणूएवढ्या गोलात सारखा पसरलेला विरुद्ध प्रभार. त्यामुळे क्षेत्राच्या सूत्रात दोन पदे येतात. पहिले व्यस्त वर्गाचे. दुसरे केंद्रापासूनच्या अंतराबरोबर वाढत जाणारे आणि पहिल्यातून वजा होणारे. अणूच्या कडेला दोन्ही समान होतात आणि बल शून्यावर येते. त्यापलीकडे काहीच नाही. रुदरफोर्डचे प्रसिद्ध विकीर्णन सूत्र शुद्ध व्यस्त वर्गाच्या बलाचे असले, तरी ज्या अणूसाठी ते मांडले गेले त्याचे बल पहिल्या दिवसापासून मर्यादित पल्ल्याचेच होते. मग दुसरे पद सोडून देण्याची मुभा कुठून मिळाली? अणूच्या त्रिज्येच्या दहाव्या भागाइतक्या अंतरावर ते पहिल्या पदाचा हजारावा भाग असते, आणि त्याहून आत गेलो की झपाट्याने नगण्य होते. अर्थात खऱ्या अणूला अशी आखीव कड नसते. इलेक्ट्रॉनांचे आवरण हळूहळू विरळ होत जाते. कड ही हिशेबाची सोय होती, आणि पुढच्या आकड्यांवरून दिसेल की मोजलेल्या कोनांना त्या सोयीचा स्पर्शही झाला नाही.

हे जवळून पाहण्यासारखे आहे. 77 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अल्फा कण सोन्याच्या केंद्रकावर अगदी नेम धरून सोडला, तर त्याची सगळी गतिज ऊर्जा प्रतिकर्षणाविरुद्ध खर्च होते आणि तो केंद्रापासून सुमारे 30 फेमटोमीटरवर क्षणभर थांबून मागे फिरतो. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे 7 फेमटोमीटर. अल्फा कणाची स्वतःची त्रिज्या धरली तरी दोघांच्या पृष्ठभागांत वीसेक फेमटोमीटरची फट राहते. ‘आपटून मागे आला’ हे वर्णन इथेच बाद होते. स्पर्श कुठेच नाही. वळवणारे जे काही आहे ते विद्युत बल, आणि ते दुरूनच काम करते. कणाची मूळ वाट केंद्रापासून जितकी बाजूने जाते, तितका वळणाचा कोन कमी. नव्वद अंश वळायचे तर ती वाट केंद्राच्या 15 फेमटोमीटर बाजूने जाणारी हवी. पाच अंशांसाठी सुमारे 340 फेमटोमीटर. आता सोन्याच्या अणूतले सर्वांत आतले इलेक्ट्रॉन पाहा. बोरच्या साध्या हिशेबाने ते केंद्रापासून सुमारे 670 फेमटोमीटरवर आहेत. म्हणजे पाच अंशांहून जास्त वळलेला प्रत्येक कण सगळ्या इलेक्ट्रॉनांच्या आतल्या बाजूने, उघड्या केंद्रकाच्या प्रभावाखालून गेलेला आहे. बलाचा पल्ला अणूच्या कडेला संपतो हे खरे, पण या कणांच्या वळणाचा निर्णय तिथपासून फार आत झालेला असतो. म्हणून त्यांच्या मोजणीत आपल्याला केंद्रक स्वच्छ दिसते.

ती मोजणी गायगर आणि मार्सडेन यांनी 1913 मध्ये पुरी केली, पाच अंशांपासून दीडशे अंशांपर्यंत. रुदरफोर्डचे सूत्र सांगते की एखाद्या कोनात येणाऱ्या कणांची संख्या त्या कोनाच्या निम्म्या कोनाच्या साइनच्या चतुर्थ घाताशी व्यस्त प्रमाणात असली पाहिजे. सोन्यासाठी 150 अंशांवर त्यांना 33.1 चमका मिळाल्या, 120 अंशांवर 51.9, 60 अंशांवर 477, 30 अंशांवर 7,800 आणि 15 अंशांवर 1,32,000. चमकांची संख्या जवळजवळ चार हजार पटीने बदलली. पण प्रत्येक संख्येला निम्म्या कोनाच्या साइनच्या चतुर्थ घाताने गुणले, तर गुणाकार सगळीकडे साधारण 27 ते 40 च्या दरम्यान राहतो. डोळ्यांनी चमका मोजण्याच्या काळातला हा मेळ आहे. याच निबंधात वर्खाची जाडी आणि कणांचा वेग बदलूनही सूत्र तपासले होते. पुढे 1920 मध्ये जेम्स चॅडविकने हीच पद्धत उलटी वापरली. विकीर्णन मोजून त्याने केंद्रकाचा प्रभार काढला: तांब्यासाठी 29.3, चांदीसाठी 46.3, प्लॅटिनमसाठी 77.4. या धातूंचे अणुक्रमांक 29, 47 आणि 78 आहेत. अणूच्या पोकळपणाच्या गोष्टीतून असा आकडा कधीच निघाला नसता.

चिन्हाबद्दलचा गैरसमज शिक्षकांतही घट्ट बसलेला आढळतो. अल्फा कण धन प्रभारित, तो मागे लोटला गेला, म्हणून केंद्र धन प्रभारित, असा तो तर्क. पण विकीर्णनाच्या सूत्रात दोन्ही प्रभारांच्या गुणाकाराचा वर्ग येतो, आणि वर्ग केला की चिन्ह पुसले जाते. केंद्र ऋण प्रभारित असते, तरी प्रत्येक कोनात तितक्याच चमका दिसल्या असत्या. आकर्षणाने कण मागे कसा येईल, हा प्रश्न साहजिक आहे. धूमकेतू आठवावा. सूर्य त्याला ओढतच असतो, तरी तो सूर्याला वळसा घालून जवळजवळ आल्या दिशेने परत जातो. रुदरफोर्डला हे पूर्ण ठाऊक होते. निबंधात त्याने सोयीसाठी केंद्र धन धरले, पण निष्कर्ष चिन्हावर अवलंबून नाहीत, असेही नोंदवून ठेवले. केंद्रक धन आहे हा निर्णय इतर पुराव्यांवरून आला. त्यातला सर्वांत साधा म्हणजे इलेक्ट्रॉन ऋण आहेत, बाहेर आहेत आणि अणू उदासीन आहे. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. चिन्हाची ही अदलाबदल शुद्ध व्यस्त वर्गाच्या बलात तंतोतंत खरी ठरते. बलाला कड आली, की अगदी लहान कोनांत आकर्षण आणि प्रतिकर्षण यांत थोडा फरक पडू शकतो.

महाविद्यालयात पोहोचलेल्या विद्यार्थ्यांचा गोंधळ वेगळा असतो, आणि तो अनंताचा असतो. विकीर्णनाच्या गणितात ‘काटछेद’ नावाची राशी आहे. कणाचा नेम जेवढ्या क्षेत्रफळात पडला असता तो वळतो, तेवढे हे क्षेत्रफळ. व्यस्त वर्गाच्या बलासाठी एकूण काटछेद अनंत येतो. मग विद्यार्थी म्हणतात, सूत्र बिघडलेले आहे, किंवा कण वळण्याची शक्यता शंभर टक्क्यांहून जास्त झाली. दोन्ही चूक. अनंत येतो, कारण कितीही सूक्ष्म वळणाला आपण ‘वळला’ म्हणून मोजतो आणि एकट्या प्रभाराचे बल कुठेच शून्य होत नाही. उलट, नव्वद अंशांहून जास्त वळण्याचा काटछेद विचारला तर उत्तर नीट मर्यादित आहे: वर सांगितलेल्या कणांसाठी 15 फेमटोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ. रुदरफोर्डच्या कड असलेल्या अणूसाठी एकूण काटछेदही मर्यादित होतो, अणूच्या आडव्या छेदाएवढा. पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन बल झपाट्याने घटले की काटछेद मर्यादित झाला, असे समजू नये. अभिजात यांत्रिकीत, म्हणजे न्यूटनच्या नियमांच्या चौकटीत, घातांकी वेगाने विरत जाणारे बलसुद्धा कुठल्याही अंतरावर अगदी शून्य नसते. ते थोडे तरी वळवतेच, म्हणून एकूण काटछेद अनंतच राहतो. तो मर्यादित व्हायला बल ठरावीक अंतरापलीकडे खरोखर नाहीसे व्हावे लागते. ही अडचण पुंज यांत्रिकी सोडवते. फार दुरून जाणाऱ्या कणाचे वळण त्याच्या तरंगाच्या स्वाभाविक पसरण्यापेक्षा लहान झाले, की ‘तो वळला’ या विधानाला अर्थच उरत नाही. म्हणून घातांकी घट असलेल्या बलाचा काटछेद तिथे मर्यादित येतो.

पुंज यांत्रिकीचे नाव निघाले की काही जाणकारही म्हणतात, अणूच्या पातळीवर न्यूटनचे नियम लागू नाहीत, रुदरफोर्डचे उत्तर नशिबाने बरोबर आले. या म्हणण्यात अर्धेच सत्य आहे. शुद्ध व्यस्त वर्गाच्या बलासाठी अभिजात आणि पुंज यांत्रिकीची सूत्रे तंतोतंत एक येतात, आणि इतर बलांसाठी सहसा येत नाहीत. याला सुदैव म्हणायचे तर म्हणावे. पण सोन्यावरच्या प्रयोगात त्या सुदैवाची गरजही नव्हती. अल्फा कणाची तरंगलांबी सुमारे 5 फेमटोमीटर आणि केंद्रकापासूनचे किमान अंतर 30, म्हणजे तरंग अंतराच्या मानाने आखूड. कणाला ठरावीक वाट आहे असे मानणे इथे चालून जाते. दोन सारखे कण एकमेकांवर सोडले, तर मात्र अभिजात सूत्र साफ चुकते. अल्फा कण आणि हीलियमचे केंद्रक ही एकच वस्तू, त्यामुळे कोणता वळला आणि कोणता लोटला गेला हे सांगता येत नाही. 45 अंशांवर अभिजात हिशेबाच्या दुप्पट कण यायला हवेत, असे नेव्हिल मॉटने दाखवले आणि 1930 मध्ये चॅडविकच्या प्रयोगाने ते खरे ठरवले.

राहिला केंद्रकाचा आकार. रुदरफोर्डने केंद्रकाची त्रिज्या मोजली, असे सर्रास लिहिले जाते. सोन्याच्या बाबतीत त्याला फक्त वरची मर्यादा मिळाली: केंद्रक तीस-एक फेमटोमीटरच्या आत मावते. सूत्र जोवर लागू पडते तोवर आकार कळूच शकत नाही, कारण बाहेरून पाहता प्रभारित गोल आणि प्रभारित बिंदू सारखेच वळवतात. आकार कळतो तो सूत्र मोडते तिथे. हलक्या केंद्रकांचे प्रतिकर्षण कमी, म्हणून अल्फा कण त्यांच्या जास्त जवळ जातात. 1919 मध्ये हायड्रोजनवरच्या प्रयोगांत रुदरफोर्डला सूत्रापासून ढळणारे आकडे मिळाले, आणि 1921 मध्ये चॅडविक आणि बीलर यांनी तिथे व्यस्त वर्गाचे बल पुरत नाही, असा निष्कर्ष काढला. फार आखूड पल्ल्याचे दुसरेच बल, आपण ज्याला प्रबळ केंद्रकीय बल म्हणतो ते, प्रयोगात असे डोकावले. सोन्याच्या वजनाच्या केंद्रकांजवळ पोहोचायला अडीच कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त ऊर्जा लागते, आणि त्यासाठी सायक्लोट्रॉनची वाट पाहावी लागली. जुने सूत्र मात्र निवृत्त झाले नाही. 1967 मध्ये सर्व्हेयर-5 या यानाने क्यूरियमचे अल्फा कण चंद्राच्या मातीवर सोडून मागे आलेल्या कणांची ऊर्जा मोजली, आणि त्यावरून मातीत कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळले. 2023 मध्ये चंद्रावर उतरलेल्या आपल्या प्रज्ञान रोव्हरवरही क्यूरियमचा स्रोत होता. पण तिथले उपकरण मातीतून निघणारे क्ष-किरण मोजत होते, मागे येणारे अल्फा कण नव्हे. या दोन पद्धतींची गल्लत करू नये.

विज्ञान शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. हा धडा घेताना गायगर-मार्सडेनचे पाच आकडे फळ्यावर लिहा: 150, 120, 60, 30 आणि 15 अंश, आणि त्यांच्यासमोर 33.1, 51.9, 477, 7,800 आणि 1,32,000. मुलांना प्रत्येक कोनाच्या निम्म्या कोनाचे साइन काढून, त्याच्या चतुर्थ घाताने गुणायला सांगा. साध्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांचे काम आहे, आणि अणूच्या मध्यभागी काय आहे ते या गुणाकारांतून त्यांना स्वतःला काढता येईल.